मदत हवी आहे: आरोग्य विम्यात पीपीओ घ्यावा की एचएसएवाला प्लॅन? (न्यू जर्सी, पुढे भारतात परतायचंय)

नमस्कार मंडळी. कंपनीचं ओपन एनरोलमेंट (विम्याचा प्लॅन निवडायची मुदत) शुक्रवारी बंद होतंय. मी, बायको, चार वर्षांचा मुलगा. एप्रिलमध्ये दुसरं बाळ येतंय, त्यामुळे डिलिव्हरीचा खर्च धरूनच चाललोय.

पीपीओचा (जास्त हप्त्याचा नेहमीचा प्लॅन) हप्ता महिना ५२० डॉलर, वर्षाला खिशातून जास्तीत जास्त ६,०००. एचएसएवाल्या, म्हणजे हाय डिडक्टिबल प्लॅनचा हप्ता २१०, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) ४,०००, खिशातली मर्यादा ९,०००. वर कंपनी एचएसएत (उपचारखर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) १,२०० टाकते. एक्सेलमध्ये मांडलं. दोन्हीकडे मर्यादेपर्यंत खर्च झाला तर पीपीओ १२,२४० ला पडतो आणि दुसरा, कंपनीचे १,२०० वजा करून, १०,३२० ला. टॅक्सची बचत वेगळीच. (न्यू जर्सी राज्य ती सूट देत नाही, माहीत आहे, फेडरलचं बोलतोय.) बायकोच्या ऑफिसातला एफएसए (उपचारखर्चाचं करसवलतीचं दुसरं खातं) घेतलेला नाही, डॉक्टर दोन्ही नेटवर्कमध्ये आहेत.

आकड्यांचं ठीक आहे हो, गाडी अडलीय पुढे. तीनेक वर्षांत पुण्याला कायमचं परतायचंय. भारतातल्या हॉस्पिटलचं बिल एचएसएतून भागवलं तर दंड नाही, एवढं आयआरएसच्या (अमेरिकेचं कर खातं) नियमांतून कळलं. एचआरचं ठरलेलं उत्तर, 'टॅक्सवाल्याला विचारा'.

परत गेलेल्यांपैकी कोणी हे खातं चालू ठेवलंय का? भारतातला पत्ता दिल्यावर ते बंद करायला लावलं का? आणि आतल्या गुंतवणुकीवरचं व्याज-लाभांश तुम्ही भारतातल्या रिटर्नमध्ये दरवर्षी दाखवता, की पैसे काढताना?