मदत हवी आहे : जीवरसायनशास्त्रातील पीएच.डी.साठी विषय कसा निवडावा?

जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यानंतर मला पीएच.डी. करायची असून, विकरांच्या (एन्झाइमांच्या) गतिकीवर, म्हणजे त्यांच्या अभिक्रियांच्या वेगावर काम करावे की पेशीपटलातील प्रथिनांच्या रचनेवर, हा निर्णय होत नाही. पटलातील प्रथिनांची ओढ मला अधिक आहे. परंतु ती पटलातून सोडवताना योग्य डिटर्जंट (प्रथिने विरघळलेली ठेवणारा साबणासारखा पदार्थ) मिळाला नाही, तर ती एकमेकांना चिकटून नळीच्या तळाशी साका होऊन बसतात, आणि गोठवलेल्या प्रथिनांची रचना दाखवणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचण्याआधीच बराच काळ निघून जाऊ शकतो. याउलट, एनएडीएच हा सहविकर (विकराला मदत करणारा रेणू) वापरणाऱ्या विकराचे काम ३४० नॅनोमीटरवरील प्रकाशाचे शोषण उतरताना डोळ्यांसमोर दिसते. अनुभवी संशोधकांनी कृपया सांगावे : शुद्ध प्रथिन हाती येईलच याची शाश्वती नसताना प्रबंधाची आखणी कशी करावी, आणि मार्गदर्शक ठरवण्यापूर्वी त्यांच्या विद्यार्थ्यांना नेमके काय विचारावे?