गूळ-चुन्याची नीळ: पाणी पिवळं होतच नाही

सुईदोरा:
१५ लिटर पाण्यात ५० ग्रॅम नीळ, १०० ग्रॅम चुना, १५० ग्रॅम गूळ, म्हणजे १-२-३ चं प्रमाण. पातेलं स्टीलचं. रात्रभर ठेवूनही पाणी गडद निळंच. सुती कापडावर रंग दिसतो, पण पहिल्याच धुण्यात बराचसा जातो. चुना पानाचा वापरलाय. काय चुकतंय?

उभाआडवा:
गूळ आणि चुना, दोन्ही. नीळ पाण्यात विरघळत नाही. अल्कधर्मी (चुन्यामुळे होतं तशा, आम्लाच्या उलट) पाण्यात तिचं क्षपण (ऑक्सिडेशनच्या उलट क्रिया) झालं की पिवळसर, विरघळणारं रूप तयार होतं. ते धाग्यात शिरतं आणि हवा लागली की आतच निळं होतं. तुमच्या पातेल्यात नुसती भुकटी तरंगतेय, ती कापडावर बसते आणि धुतली की जाते.

१-२-३ हे प्रमाण फ्रुक्टोजचं (फळांतल्या साखरेचं) आहे. गुळात बहुतेक सुक्रोज (साधी साखर), आणि ते क्षपण करत नाही. गूळच हवा असेल तर थोड्या पाण्यात लिंबू पिळून अर्धा तास मंद उकळा, मग सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं.

पानाच्या चुन्यात बरंच पाणी असतं, त्यामुळे १०० ग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात खूपच कमी. कोरडी, विरवलेल्या चुन्याची पूड घ्या, तीही नवी. उघडं राहिलेलं पाकीट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खडू होतं. चुनकळी (न विरवलेला चुना) आणलीत तर आधी विरवा, चष्मा लावून, कारण ती उकळून उडते.

आहे ते पाणी फेकू नका. ५० अंशांपर्यंत तापवा आणि पीएचची (पाणी किती अल्कधर्मी आहे ते दाखवणारी) पट्टी बुडवा. १०.५ च्या खाली असेल तर आधी चुना, ठीक असेल तर १०० ग्रॅम फ्रुक्टोज. हळू ढवळा, हवा मिसळू देऊ नका, तासभर झाकून ठेवा. वर तांबूस साय, निळा फेस आणि खाली सरबतासारखं पारदर्शक पिवळं दिसलं की तयार.

चरखा_रिकामा:
गूळ अगदीच निरुपयोगी नाही. आंबवून केलेल्या जुन्या पद्धतीत चालतो, पण त्याला ऊब आणि कित्येक दिवस लागतात. ती पद्धत आणि ही एकत्र करू नका.

मुळात नीळ कोणती, हे आधी बघा. कपड्यांना शुभ्रपणा आणायची किराणा दुकानातली नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. तिच्यावर चुना-साखर काहीही करत नाही. केसांना लावायची 'इंडिगो पावडर' हिरवट असते, ती नुसती वाळलेल्या पानांची पूड. खरी नीळ गडद निळी, नखाने घासली की तांबूस चमकते. चिमूटभर लोखंडी पळीत तापवली की जांभळी वाफ येते (खिडकी उघडी ठेवा).

सुईदोरा:
वाफ जांभळी आली, म्हणजे नीळ खरी. कापड बुडवण्याआधी नुसतं पाण्यातून काढलं होतं. पुरेल का? आणि गडद निळ्यासाठी किती वेळ बुडवायचं?

उभाआडवा:
नाही पुरणार. कोऱ्या कापडाला खळ आणि मेण असतं. धुण्याचा सोडा (कापडाच्या वजनाच्या २ टक्के) आणि थोडा साबण घालून तासभर उकळा, खळखळून धुवा. ओलं कापड पिळून निळीच्या पाण्यात बुडवा. तळाच्या गाळाला लागलं तर डाग पडतात, म्हणून खाली जाळी ठेवा.

वेळ वाढवून गडद रंग येत नाही, बुडवण्या वाढवून येतो. ५ ते १० मिनिटं बुडवा, पृष्ठभागालगत पिळून सावकाश काढा, हिरवं पूर्ण निळं होईपर्यंत साधारण २० मिनिटं वाळत टाका, पुन्हा बुडवा. पाच-सहा हलक्या बुडवण्या एका जाड थरापेक्षा जास्त टिकतात. शेवटी पूर्ण वाळवा, लिटरला दोन चमचे व्हिनेगरच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवून कापडातला चुना घालवा, मग गरम पाण्यात सौम्य साबणाने धुवा. सुरुवातीला थोडा सुटा रंग निघेल, तो निघू द्या.

चरखा_रिकामा:
अल्युमिनियमचं भांडं नको, चुना ते खातो. आणि दुसऱ्या दिवशी पाणी निळसर झालं तर घाबरून नीळ वाढवू नका. बहुतेक वेळा ते फक्त थंड झालेलं असतं. तापवून, गरज असेल तर मूठभर फ्रुक्टोज घाला.