मदत हवी आहे: ॲन आर्बरला कॉलेज (अमेरिकन) फुटबॉलची मॅच, चार तिकिटं, दोन ज्येष्ठ, ४०० डॉलर

मेघना_नोव्ही

नमस्कार मंडळी,

सासू-सासरे ऑक्टोबरभर आमच्याकडे नोव्हीला आहेत. भाचा मिशिगन विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे, त्याच्याकडून ऐकून ऐकून सासऱ्यांनी 'बिग हाउस' (म्हणजे तिथलं मिशिगन स्टेडियम) बघायचंच असं ठरवलंय. माणसं चार: सासरे (७२, चालायला ठणठणीत), सासूबाई (६८, गुडघे दुखतात), मी आणि मुलगी (९). पार्किंग, खाणं धरून ४०० डॉलरच्या आत बसवायचंय.

अडलेले प्रश्न:

१) त्याच भागातली, त्याच रांगेतली जागा एका शनिवारी परवडते आणि पुढच्या शनिवारी कितीतरी पट महाग. हे कशावरून ठरतं?
२) आत्ताच घेऊ की थांबू?
३) भाचा म्हणतो, विद्यार्थ्यांची तिकिटं स्वस्तात मिळवून देतो. चालेल का?
४) साइटवर 'सोल्ड आउट' लिहितात आणि टीव्हीवर बाकं रिकामी दिसतात. नक्की काय खरं?
५) गुडघ्यांच्या हिशोबानं जागा कुठली घ्यावी?

उत्तररांग

मेघनाताई, आधी पहिला आणि चौथा प्रश्न एकत्र घेतो, कारण भावाचं मूळ तिथेच आहे.

मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. यातल्या बहुतेक जागा हंगाम सुरू होण्याआधीच विकलेल्या असतात: एक मोठा हिस्सा विद्यार्थ्यांचा, बाकी बराचसा सीझन तिकीटवाल्यांचा, म्हणजे हंगामातल्या घरच्या सगळ्या मॅचची तिकिटं एकदम घेणाऱ्यांचा. सीझन तिकीटवाला फक्त तिकिटाचे पैसे भरत नाही. चांगल्या भागातल्या जागेसाठी दर सीटमागे दरवर्षी वेगळी देणगी द्यावी लागते. २०१७ पर्यंत या देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत मिळायची. नव्या करकायद्यानं १ जानेवारी २०१८ पासून ती पूर्ण बंद झाली. तेव्हापासून सगळी देणगी खिशातूनच जाते, म्हणून सीझनवाले काही मॅचची तिकिटं विकून पैसे मोकळे करायला बघतात.

आता सीझनवाला तिकिटं विकतो कुठल्या मॅचची? सीझनमध्ये साधारण सात घरच्या मॅच असतात. त्यात सप्टेंबरच्या दोन-तीन मॅच दुबळ्या पाहुण्या संघांशी असतात. त्या संघांना यायचे पैसे यजमान विद्यापीठच देतं. (१ सप्टेंबर २००७ ला ॲपलेशियन स्टेटला असेच ४ लाख डॉलर देऊन बोलावलं होतं आणि ते ३४-३२ नं जिंकून गेले. त्यामुळे दुबळा पाहुणा म्हणजे मॅच रटाळच, असं धरू नका.) या मॅचची तिकिटं पुनर्विक्रीला ढिगानं येतात आणि छापील किमतीखाली उतरतात. कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट विद्यापीठाशी असलेली मॅच मात्र कुणी सोडत नाही. ती नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, विषम सालात ॲन आर्बरला आणि सम सालात त्यांच्या कोलंबसला असते.

ऑक्टोबरमध्ये भाव वर नेणाऱ्या गोष्टी चार: मिशिगन स्टेटशी (राज्यातलंच दुसरं विद्यापीठ) मॅच, दोन्ही संघ देशातल्या वरच्या संघांच्या क्रमवारीत असणं, संध्याकाळची मॅच आणि होमकमिंगचा (माजी विद्यार्थी परत येतात तो) शनिवार. यातलं काही नसलेला शनिवार शोधा. पाऊस किंवा बोचरा वारा असेल तर भाव आणखी पडतो, पण ज्येष्ठांना घेऊन जाताना त्या स्वस्ताईच्या मागे लागू नका.

'सोल्ड आउट' म्हणजे तिकिटं विकली गेली, माणसं आली असं नव्हे. जाहीर होणारा आकडा सहसा विक्रीचा असतो. वॉल स्ट्रीट जर्नलनं २०१७ च्या हंगामाचे फाटकावर स्कॅन झालेल्या तिकिटांचे आकडे अनेक विद्यापीठांकडून मिळवले होते. स्कॅन झालेली तिकिटं जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्के भरली. तुमच्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच की 'सोल्ड आउट' वाचून घाबरून महाग तिकीट घेऊ नका. ते तिकीट कुणाच्या तरी फोनमध्ये विकायला पडलेलं असतं.

कोलंबसचा_पाटील

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आधी ४०० चं गणित मांडा. स्टेडियमजवळचं पार्किंग मॅचनुसार चढतं, ६० धरा. पाणी-खाणं ४०. उरले ३००, म्हणजे माणशी ७५ सगळं धरून. पुनर्विक्रीच्या साइटवर खरेदीदाराकडून २०-३० टक्के शुल्क लागतं. २५ टक्के धरलं तर मूळ भाव ६० च्या आत हवा. १२ मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या (ग्राहकहित बघणारी सरकारी संस्था) नियमामुळे साइटला सक्तीच्या शुल्कासकट भाव पहिल्यापासून दाखवावा लागतो, त्यामुळे साइटवर दिसणारा आकडा ७५ शी ताडून बघा, ६० शी नाही. सरकारी कर वेगळा लागू शकतो.

चार जागा सलग शोधू नका, दोन-दोनच्या जोड्या शोधा. सीझन तिकिटं बहुतेक जोडीनं घेतलेली असतात, त्यामुळे बाजारात जोड्याच जास्त येतात. चार सलग जागा दुर्मीळ, म्हणून महाग. एकाच सेक्शनमध्ये दोन-तीन रांगांच्या फरकानं दोन जोड्या घेतल्यात तर आजी-आजोबा एकीकडे आणि तुम्ही मायलेकी मागे, असं आरामात जमतं.

थांबायचं तर गुरुवार संध्याकाळपर्यंत. शेवटच्या ४८ तासांत भाव अजून खाली येऊ शकतो, पण सोयीची रांग हातची जाते. तुम्हाला रांग महत्त्वाची आहे, पाच-दहा डॉलर नाहीत.

आणि एक: मॅचची वेळ बऱ्याचदा आधी ठरलेली नसते. टीव्ही वाहिन्या ती १२ दिवस, कधी फक्त ६ दिवस आधी निवडतात. दुपारी १२, साडेतीन किंवा साडेसात. वेळ जाहीर होण्याआधी घेतलेलं तिकीट रात्रीचं निघालं तर सासूबाईंना थंडीत साडेतीन तास बसावं लागेल. वेळ कळल्यावरच घ्या.

सातारी_मावशी

जागेबद्दल मी सांगते, कारण इथेच लोक चुकतात. नकाशात सगळेजण मैदानाजवळची रांग शोधतात. मिशिगन स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीच्या पातळीखाली आहे. रस्त्यावरून तुम्ही आत शिरता ते वाडग्याच्या वरच्या भागात. रांगेचा आकडा जितका लहान तितकं खाली मैदानाकडे. म्हणजे १० नंबरची रांग घेतली तर जाताना पायऱ्या उतरायच्या आणि येताना सगळ्या चढायच्या, तेही मागून हजारो माणसं बाहेर पडत असताना. दुखऱ्या गुडघ्याला उतरणंही सोपं नसतं. वरच्या रांगा घ्या. खेळाडूंची रचनाही वरूनच नीट कळते.

बसायला बाक असतो, त्यावर नंबर रंगवलेले. एका माणसाला साधारण दीड फूट जागा, पाठीला टेकू नाही. जाकिटं घातलेली माणसं बसली की ती दीड फूटही उरत नाही. जाड गादी न्या, फक्त आकाराचे नियम त्या आठवड्यात साइटवर बघून घ्या. जोडीतली एक जागा मधल्या पायऱ्यांना लागून मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण बाथरूमला जाताना वीस माणसांना उठवावं लागत नाही. गुडघे फारच त्रास देत असतील तर पुनर्विक्री सोडा आणि विद्यापीठाच्या तिकीट कार्यालयाला फोन करून पायऱ्या नसलेल्या, सोबत्यासह बसायच्या जागा विचारा. सगळे लोक उभे राहतात तेव्हा त्या जागांवरून दिसतं का, तेही विचारा.

छत्री चालत नाही, रेनकोट न्या. बॅगेचे नियम कडक असतात, त्यामुळे औषधं खिशात ठेवा. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत सोडत नाहीत.

उत्तररांग

तिसरा प्रश्न राहिला होता. भाच्याच्या तिकिटाच्या भरवशावर राहू नका. मिशिगनसह बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्याचं तिकीट दुसऱ्यानं वापरायचं तर फरकाचे पैसे भरून ते आधी बदलून घ्यावं लागतं. नाहीतर फाटकावर ओळखपत्र मागतात. ते पैसे मिळवून हिशोब करा, स्वस्त राहतंच असं नाही. शिवाय विद्यार्थ्यांच्या भागात पूर्ण वेळ उभं राहून मॅच बघतात, बाकांवर चढूनसुद्धा. सासूबाईंना तिथे मैदान दिसणार नाही.

त्याचं तिकीट त्यालाच वापरू द्या, हे मी मनापासून सांगतो. या खेळाचा आवाज त्या भागातूनच येतो. तिथले भाव वाढवले की काय होतं ते याच स्टेडियमनं बघितलंय. २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्या ठरलेल्या जागा काढून 'आधी येईल तो पुढे' केलं, भावही वाढवलेले होते. २०१४ मध्ये तर कोकच्या दोन बाटल्यांबरोबर दोन तिकिटं मिळतायत अशी योजना बाहेर आली. विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, ३१ ऑक्टोबरला ॲथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाच्या खेळ विभागाचे प्रमुख) डेव्ह ब्रँडन यांनी राजीनामा दिला आणि २०१५ साठी विद्यार्थ्यांचं सीझन तिकीट १७५ डॉलरवर आणलं. वीस वर्षांचा मुलगा शनिवारी घरी बसून टीव्ही बघायला शिकला की चाळिसाव्या वर्षी तो देणगी देऊन सीट घेत नाही. तिकीट विभागांनी हे गणित पहिल्या ओळीत लिहायला हवं.

आता तर दबाव अजून वाढलाय. खेळाडूंनी मोबदल्यासाठी लढलेल्या 'हाउस' खटल्यात जून २०२५ मध्ये तडजोड झाली, तेव्हापासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा दर विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलर. टेनेसी विद्यापीठानं त्याआधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये, तिकिटांवर १० टक्के 'टॅलेंट फी' (खेळाडूंच्या मोबदल्यासाठी) जाहीर केली होती. खेळाडूंना पैसे मिळालेच पाहिजेत, पण ते वरच्या रांगेतल्या कुटुंबाकडून वसूल करणं मला पटत नाही.

कोलंबसचा_पाटील

बजेट जुळलं नाहीच तर पर्याय: ॲन आर्बरला लागूनच यप्सिलांटीला ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाचं रायनर्सन स्टेडियम आहे. खूप लहान, तिकीट बरंच स्वस्त, गाडीपासून चालणं कमी. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएचा पूर्वी नियम होता की वरच्या श्रेणीत राहायचं तर दोन वर्षांत एकदा तरी सरासरी १५,००० प्रेक्षक हवेत, प्रत्यक्ष आलेले किंवा विकलेल्या तिकिटांवरून मोजलेले. छोट्या कॉलेजांत मग कंपन्या घाऊक तिकिटं घ्यायच्या आणि बाकं रिकामीच राहायची. २०२३ मध्ये तो नियम काढला. अशा मॅचला मुलीला बँड अगदी जवळून बघता येईल. फक्त नोव्हेंबरमध्ये यांच्या मॅच मंगळवार-बुधवारी रात्री असतात, तुम्ही ऑक्टोबरचा शनिवार बघा.

मेघना_नोव्ही

सगळ्यांचे खूप आभार, एवढं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. वेळ जाहीर झाली आहे, दुपारी १२. पाहुणा संघ क्रमवारीत नाही. दोन पर्याय दिसतायत: (अ) कोपऱ्यातला सेक्शन, वरच्या रांगा, दोन जोड्या, प्रत्येकी ७१ सगळं धरून. (ब) गोलपोस्टमागे, १२ वी रांग, चार सलग, प्रत्येकी ६८. सासऱ्यांना (ब) हवंय, खेळाडू जवळून दिसतील म्हणून. मुलीला तिकीट लागेल ना? आणि सासूबाईंना दारापर्यंत गाडीनं सोडता येईल का?

सातारी_मावशी

(अ). तीन डॉलरसाठी गुडघे पणाला लावू नका. १२ व्या रांगेत गोलपोस्टमागून पलीकडच्या टोकाचा खेळ नुसता गर्दीसारखा दिसतो. सासऱ्यांना खेळाडू जवळून बघायचेच असतील तर मॅचच्या तासभर आधी त्यांना एकट्यांना घेऊन खाली जाऊन या, सराव चालू असतो. जागा भरायच्या आत वर परता.

मुलीचं तिकीट घ्याच, नऊ वर्षांच्या मुलीला मांडीवर बसवून चालणार नाही.

गाडी दारापर्यंत जाणार नाही. मॅचच्या दिवशी मेन स्ट्रीटचा स्टेडियमलगतचा तुकडा बंद करतात. नोव्हीहून साडेआठला निघा. समोरच्या पायोनियर हायस्कूलच्या मैदानात पार्किंग आधी बुक करून ठेवा, तिथून फक्त रस्ता ओलांडायचा. संपल्यावर लगेच गाडीकडे धावू नका, अर्धा तास बसून राहा, तोवर पायऱ्या आणि रस्ता दोन्ही मोकळे होतात.

कोलंबसचा_पाटील

(अ) ला माझंही मत. तिकिटं आली की चारही शुक्रवारी रात्रीच फोनच्या वॉलेटमध्ये टाका. स्टेडियमजवळ लाखभर फोन एकाच वेळी चालू असतात, नेट रेंगाळतं आणि ॲप उघडत नाही. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, बारकोड बदलत राहणारा असेल तर फाटकावर तो चालत नाही. दोन तिकिटं सासऱ्यांच्या फोनवर पाठवायची असतील तर त्यांच्या ईमेलनं आधी खातं उघडावं लागेल, तेही घरच्या वायफायवर करून घ्या. नाहीतर चारही तुमच्याच फोनवर ठेवा, एकामागून एक स्कॅन होतात. फोन पूर्ण चार्ज आणि जोडीला पॉवर बँक.