नवशिक्याच्या हातात पहिल्याच दिवशी कॉन्ट्रास्ट पेंट का देताय?

रंगारी_नाना
परवा एकाने विचारलं होतं की एज ऑफ सिग्मार ह्या छोट्या पुतळ्यांच्या (मिनींच्या) युद्धखेळाचा सुरुवातीचा बॉक्स घेतलाय, आत स्टॉर्मकास्ट (चिलखती योद्धे) आणि स्केवन (उंदीरमाणसं) दोन्ही आहेत, ब्रश शाळेनंतर हातात धरलेला नाही, तर काय काय घेऊ. खाली धडाधड सगळ्यांचं एकच उत्तर, स्लॅपचॉप कर आणि मोकळा हो. म्हणजे काळा प्रायमर (रंग धरावा म्हणून पहिला थर), त्यावर करडा ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासायचा), मग पांढरा ड्रायब्रश आणि वरून कॉन्ट्रास्टचा एक हात. मला हे पटलेलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय, शिव्या घालायच्या तर इथे घाला.

कॉन्ट्रास्ट वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. २०१९ ला खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपने तो आणला तेव्हा मीही उड्या मारलेल्या. रंग पारदर्शक, खोबणीत जाऊन साठतो, उंचवट्यावरून ओसरतो, एकाच हातात सावलीही आणि उजेडही. पण गोची अशी आहे की चुकलं तर झाकता येत नाही. समजा उंदराच्या कानाला गुलाबी लावताना ब्रश घसरला आणि खांद्यावरच्या हिरव्या चिंधीवर गेला, तर वर परत हिरवा मारून काही होत नाही, नुसता चिखल होतो. आधी तिथे पांढरा लावा, वाळू द्या, मग हिरवा, आणि तो ठिगळ बाजूच्या हिरव्याशी जुळेलच याची गॅरंटी नाही. साध्या, झाकणाऱ्या बेस पेंटने रंगवताना हेच झालं तर त्याच डबीतला हिरवा घ्या, झाका, पुढे चला. नवशिका म्हणजे रेषेबाहेर जाणारच की हो, मग त्यालाच न झाकता येणारा रंग?

माझ्या मते सहा-सात बेस कलर, एक सोनेरी, एक चंदेरी, एक तपकिरी वॉश (खोबणीत सावली भरणारा पातळ रंग), बास. रंग पॅलेटवर थोडं पाणी घालून पातळ करायचा, अंगठ्याच्या नखावर ओढून बघायचा, खालचं नख किंचित दिसलं पाहिजे, आणि दोन पातळ हात द्यायचे. डबीतून थेट मिनीवर लावलात तर चिलखतावरचे रिव्हेट गेलेच म्हणून समजा.

उंदीरमामा
नाना, तुमचं सगळं खरंय आणि तरी सल्ला चुकीचा आहे. तुम्ही एका मिनीचा विचार करताय आणि त्या बिचाऱ्याकडे स्केवन आहेत हो, क्लॅनरॅट म्हणजे त्यांचे साधे शिपाई वीस-वीसच्या तुकड्यांनी येतात, प्रत्येकाला लोकर, कातडी, चिंध्या, गंजकं लोखंड, लाकूड, दोरी, शेपटी, दात. हे सगळं बेसचे दोन हात, वॉश, मग हायलाइट (कडांना फिकट रंग) असं करायला सांगितलंत की तिसऱ्या उंदराला तो माणूस कपाटाचं दार लावतो आणि बॉक्स परत उघडत नाही. अशी कपाटं ह्या हॉबीत घरोघरी आहेत, माझ्याकडेही आहे. नवशिका हॉबी सोडतो तो हायलाइट जमत नाही म्हणून नाही, काहीच पुरं होत नाही म्हणून. टेबलावर वीस पूर्ण रंगवलेले उंदीर उभे राहिले की पुढचं शिकायची खाज आपोआप सुटते, आधी खेळू तर द्या त्याला.

आणि चूक झाकता येत नाही म्हणताय, अहो स्केवन आहेत ते! गटारात राहतात. खांद्यावर गुलाबी डाग पडला तर ती जखम.

कर्वेरोड
जखम 😂

पण मुद्दा मिनीचा आहे, नवशिक्याचा नाही. कॉन्ट्रास्टला खडबडीत पृष्ठभाग लागतो, लोकर, घड्या पडलेलं कापड, पिसं. स्टॉर्मकास्टच्या खांद्यावरचं ते भलंमोठं गुळगुळीत चिलखत बघा, त्यावर रंगाला जायला खोबणच नाही, मग मध्ये डबकं साठतं आणि वाळताना कडेला रेघ उमटते. त्यांना सोनेरी स्प्रे मारायचा, रेट्रिब्युटर आर्मर, वर रेकलँड फ्लेशशेडचा वॉश, झालं चिलखत. उरलं काय, निळं कापड, ढाल, हातोडा. बहुतेकांच्या तोंडावर मुखवटा असतो म्हणजे डोळेसुद्धा रंगवायला नकोत. त्या पोराने आधी हेच काढावेत, उंदरांना नंतर हात लावावा.

पेणकर
मी नानांच्या बाजूने. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात नवीन पोरगा आला की त्याला लगेच कोणी डोळ्यांची आखणी करायला बसवत नाही. आधी पॉलिशपेपर मारायचा, मग अंगाचा रंग, मग कुठे सोवळं आणि दागिने, आणि डोळे कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या हाताकडे. हात बसायला वेळ लागतो आणि तो रंग सपाट, एकसारखा लावण्यातूनच बसतो. कॉन्ट्रास्टमध्ये हाताला कामच नाही, सगळं काम रंग करतो. वीस उंदीर होतील हो, पण एकविसाव्याला विचारलंत की ढालीवर सरळ रेघ मार, तर तो बघतच बसेल.

उंदीरमामा
पेणकर दादा, तुमच्या कारखान्यातल्या पोराला रोज आठ-दहा तास मिळतात आणि वर पगार मिळतो. इथे माणूस ऑफिसमधून येऊन, जेवून, मुलं झोपल्यावर तासभर बसतो, त्यातला पाव तास चष्मा शोधण्यात जातो.

ओली_पॅलेट
तुम्ही तिघंचौघं ज्यावर भांडताय ते तिसऱ्या आठवड्यातलं आहे. नवशिक्याची मिनी बिघडते ती रंग लावायच्या आधीच. स्प्रूवरून (तुकडे जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवरून) तुकडा उपटून काढतात, कटर वापरत नाहीत, साच्याची ती बारीक उभी रेघ खरवडत नाहीत, आणि मग ड्रायब्रश केला की पहिल्यांदा तीच रेघ पांढरीशुभ्र उठून दिसते. म्हणजे स्लॅपचॉपवाल्यांनी तर जास्त खरवडायला पाहिजे. ब्लेडची बोथट बाजू फिरवली तरी पुरतं.

दुसरं प्रायमर. इथे सगळे सहज लिहून मोकळे होतात की काळा स्प्रे मार. जुलैत, मुंबईत, गॅलरीत? हवेत एवढी ओल असताना स्प्रे मारला की रंग मिनीवर खरखरीत बसतो, चेहऱ्यावर वाळू टाकल्यासारखा, आणि तो नंतर कशानेच जात नाही. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, वायेहो कंपनीचा ड्रॉपरच्या बाटलीत मिळतो, पातळ हात द्या आणि रात्रभर राहू दे. उरलेल्या आठ महिन्यांत स्प्रे मारा, डबा चांगला दोन मिनिटं हलवून, वीत-सव्वा वीत लांबून.

आणि ब्रश! प्रत्येक नवीन माणूस सगळ्यात बारीक ब्रश घेतो, तीन शून्यवाला, बारीक काम म्हणून. त्याच्या टोकावर रंग राहतच नाही, मिनीपर्यंत नेईस्तोवर वाळतो. एक नंबरचा घ्या, टोक चांगलं हवं, पोटात रंग धरणारा. रंग धातूच्या पट्टीपर्यंत चढू द्यायचा नाही, नाहीतर महिन्यात ब्रशची केरसुणी.

रंगारी_नाना
ताई, प्रायमरचं शंभर टक्के मान्य. पण मामा, "आधी खेळू तर द्या" हे मला कळत नाही. खेळायला रंग लागतोच कुठे, करड्या प्लास्टिकनेही खेळतात की.

उंदीरमामा
लागतो ना. फॉर्टीकेमध्ये (वॉरहॅमर ४०,०००, ह्याच कंपनीचा दुसरा खेळ) शंभरातले दहा गुण आर्मी रंगवलेली असण्याचे आहेत, आणि तिथे बॅटल रेडी म्हणजे काय तर मुख्य भागांना रंग आणि पायाखालची चकती (बेस) सजवलेली, बास. कोणी हायलाइट मोजत नाही. गुणांचं सोडा, करड्या उंदरांविरुद्ध खेळताना समोरच्याला कळतसुद्धा नाही कुठला क्लॅनरॅट आणि कुठला स्टॉर्मव्हर्मिन (त्यांचा तगडा शिपाई).

नॉटिंगहॅमचा_बंड्या
इकडे गेम्स वर्कशॉपच्या दुकानात नवीन माणूस गेला की एक मिनी फुकट देतात आणि टेबलाशी बसवून रंगवून घेतात, शेजारी दुकानातलाच माणूस उभा. खरं शिकणं तिथे होतं कारण ब्रशवर पाणी जास्त झालं की तो लगेच हात धरतो. आपल्याकडे तो शेजारचा माणूस नाही, व्हिडिओ आहेत, आणि व्हिडिओत ब्रश किती ओला आहे ते दिसत नाही. पुण्या-मुंबईत ग्रुप असतील तर त्या पोराला तिथे न्या, तंत्राचं तिथे बघता येईल.

स्वस्तात जायचं तर आर्मी पेंटर कंपनीचे स्पीडपेंट (कॉन्ट्रास्टसारखेच) बघा, फक्त दुसरी आवृत्ती घ्या. पहिल्या आवृत्तीवर दुसरा ओला थर दिला की खालचा वाळलेला रंग सुटून वर यायचा, २०२३ मध्ये त्यांनी ते सुधारलं. कोणी जुना सेट स्वस्तात विकत असेल तर का विकतोय ते ओळखा.

पेणकर
कॉन्ट्रास्टची डबी १८ मिलीची, बेसची १२ ची, आणि कॉन्ट्रास्ट पातळ करायला पाण्यापेक्षा त्याचं वेगळं मीडियम (पातळ करायचा द्रव) बरं. म्हणजे अजून एक डबी. शिपिंग धरून हिशोब करा.

नवखा_०७
नमस्कार, परवाचा प्रश्न माझाच. इतकं वाचून डोकं भणभणलंय पण थँक्यू सगळ्यांना. मी ऑर्डर देऊन टाकली, काळा, हाडाचा रंग, लाल, हिरवा, सोनेरी, चंदेरी हे बेस, ताईंनी सांगितलेला ब्रशचा प्रायमर, एक नंबरचा ब्रश, आणि कॉन्ट्रास्टची एकच तपकिरी डबी, उंदरांच्या लोकरीसाठी. ड्रायब्रशला बायकोचा जुना मेकअप ब्रश चालेल का?

ओली_पॅलेट
गोल आणि दाट केसांचा असेल तर उत्तम, दुकानातल्यापेक्षा बरा. आधी विचारून घ्या फक्त.

उंदीरमामा
बघा नाना, कॉन्ट्रास्ट आलाच घरात. एक-शून्य.

रंगारी_नाना
बेस सहा आणि कॉन्ट्रास्ट एक, आणि हा म्हणतो एक-शून्य. तपकिरी कॉन्ट्रास्ट म्हणजे महागडा वॉश आहे, तो मी मोजतच नाही.