सशाला जाळीचा तळ चालेल का?

रानजाई: घरी न्यूझीलंड व्हाइट जातीची मादी आहे, वजन चार किलोच्या आसपास. दुकानदाराने तारेच्या तळाचा पिंजरा दिला. म्हणाला, लेंड्या खाली पडतात, साफसफाई सोपी. पण तिच्या मागच्या टाचांवरचे केस गेलेत, खाली कातडी लाल दिसते. जाळी बदलू का?

माळरान: आजच बदला. कुत्र्या-मांजराच्या पायाला गादी असते, सशाला नसते; तिथे फक्त दाट केस असतात. भार सगळा मागच्या टाचांवर, त्यात तुमची मादी वजनदार. केस झिजले की जखम होते, ती चिघळून हाडापर्यंत जाऊ शकते. कातडी फुटली किंवा सूज दिसली तर वाट न बघता पशुवैद्याकडे न्या. रेक्स जातीचे केस आखूड, त्यांना तर हा त्रास फार लवकर होतो.

गोठेकरी: आमचा सशांचा गोठा आहे, जाळीवरच. लेंड्या खाली गेल्या की कॉक्सिडिया, म्हणजे लेंड्यांतून पसरणारा पोटातला परजीवी, आटोक्यात राहतो, हे खरं. पण जाळी अर्धा इंच बाय एक इंचाची, गुळगुळीत, न गंजलेली हवी आणि प्रत्येक पिंजऱ्यात बसायला लाकडी फळी हवीच.

माळरान: गोठ्याचं गणित वेगळं, दादा. घरात एकच जनावर आहे. ताई, सपाट तळावर जाड सुकं गवत अंथरा, ओलं झालेलं रोज काढा. मुताने भिजलेली टाचही चिघळते. नखंही कापा, वाढलेल्या नखांनी भार टाचेवरच येतो.

रानजाई: फळी आत्ताच ठेवली. उद्या सकाळी दवाखान्यात नेते.