लिटल वॉल्टरचा तो आवाज माउथ ऑर्गनमधून निघतो कसा?

पंचवटीकर: नमस्कार मंडळी. नाशिकला असतो, क्रोमॅटिकवर (सगळे सूर देणारा, बटणाचा माउथ ऑर्गन) हिंदी गाणी वाजवतो. अमेरिकन ब्लूज वादक लिटल वॉल्टरची १९५२ ची 'जूक' ही धून ऐकली आणि वेडच लागलं. सॅक्सोफोनसारखा भरदार आवाज! माझ्या वाद्यातून तसं काहीच निघत नाही. काय करू?

गंगापूर रोड: दादा, आधी वाद्य बदला. तो त्यात दहा भोकांचा साधा डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीचा माउथ ऑर्गन, वाजवतो. पट्टीही वेगळी धरतात: सी पट्टीचा हार्प (म्हणजे माउथ ऑर्गनच) घेऊन जी पट्टीत वाजवायचं, म्हणजे मुख्य सूर श्वास आत ओढून मिळतात. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या भोकावर ओढता ओढता जीभ मागे घेतली की सूर खाली वाकतो, अगदी मींडेसारखा. आणि मुख्य म्हणजे माईक. तो स्वस्तातला माईक हार्पसकट दोन्ही मुठींत घट्ट धरायचा आणि अँप्लिफायरचा आवाज मुद्दाम फाटेपर्यंत चढवायचा. भरदारपणा तिथून येतो. फटी राहिल्या तर आवाज पातळ होतो.

सिडकोवाला: वॉल्टरचा अमेरिकेत लुइझियानात १९३० मध्ये जन्म, पोरवयातच घर सोडलं, शिकागोत ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या बँडमध्ये. 'जूक' अमेरिकेतल्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत आठ आठवडे पहिलं! माउथ ऑर्गनच्या दुसऱ्या कुठल्याच वाद्यरचनेला तिथे पहिला नंबर मिळालेला नाही. १९६८ मध्ये गेला, अवघा ३७ वर्षांचा. फार हळहळ वाटते.

पंचवटीकर: आभार दोघांचेही. सी चा डायटॉनिक मेन रोडला मिळेल का?