शब्दचर्चा : निकाल, हुकूमनामा, दरखास्त आणि वहिवाट

विचारणा (गुहागर)
'दाव्याचा निकाल लागला', 'कोर्टाचा आदेश झाला', 'निवाडा जाहीर झाला', 'हुकूमनामा मिळाला' ही वाक्ये सर्रास एकाच अर्थाने छापली जातात. हे शब्द समानार्थी आहेत का? आणि दावा जिंकल्यावर पुन्हा त्याच कोर्टात 'दरखास्त' द्यावी लागते, तिला साधा 'अर्ज' का म्हणत नाहीत?

उत्तर (रत्नागिरी, दिवाणी वकिली)
समानार्थी अजिबात नाहीत. त्यांची गल्लत झाली की माणसे जिंकलेली जमीन वर्षानुवर्षे लांबून बघत बसतात.

'निकाल' हा सगळ्यांत सैल शब्द. 'दावा निकाली निघाला' म्हणजे तो त्या कोर्टापुरता संपला, इतकेच. तो मंजूर झाला, नामंजूर झाला, अंशतः मंजूर झाला की तडजोडीने मिटला, हे त्या शब्दातून कळत नाही. म्हणून 'निकाल काय लागला?' याच्याबरोबर 'आदेशात काय लिहिलंय?' हेही विचारावे.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २ मध्ये न्यायनिर्णय, हुकूमनामा आणि आदेश यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. न्यायनिर्णय म्हणजे न्यायाधीशांनी कारणांसह लिहिलेले सगळे : मुद्दे, पुराव्याची छाननी, कायद्याचा लावलेला अर्थ. त्यातून पक्षकारांच्या हक्कांबद्दल जे ठरले, त्याचा औपचारिक दस्त म्हणजे हुकूमनामा. दाव्याचा नंबर, पक्षकार, मागणी, दिलेली दाद आणि खर्च एवढेच त्यात असते. न्यायनिर्णयानंतर १५ दिवसांत तो तयार व्हावा असा नियम आहे. दावा चालू असताना अर्जांवर जे ठरते ते बहुतेक 'आदेश' असते. गोंधळ होतो तो न्यायनिर्णयाच्या शेवटच्या पानावरच्या मथळ्यामुळे. तिथेही 'आदेश' असेच लिहिलेले असते.

'दरखास्त' मूळचा फारसी शब्द, अर्थ विनंती. आपल्या कोर्टांत मात्र तो हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जापुरता रूढ झाला. तिला स्वतंत्र नंबर पडतो, वादी 'दरखास्तदार' होतो, प्रतिवादी 'जाबदेणार'. कोर्टात अर्ज शेकड्यांनी येतात, त्यांत ही ओळखू यावी म्हणून शब्द वेगळा राहिला, आणि तो राहावा असेच मला वाटते.

पुरवणी (अलिबाग, भूसंपादन प्रकरणांचे काम)
'निवाडा' राहिला. महामार्गासाठी जमीन जाते तेव्हा जो निवाडा जाहीर होतो तो कोर्टाचा नसतो. सक्षम प्राधिकारी मोबदल्याची रक्कम ठरवतो, त्याला निवाडा म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली ती रक्कम मान्य नसेल तर आधी लवादाकडे जावे लागते. बातमीत 'न्यायालयाचा निवाडा' वाचून लोक अपिलाची मुदत मोजायला लागतात आणि भलत्याच दारात उभे राहतात.

विचारणा (देवगड)
न्यायनिर्णयात 'कायद्याचा लावलेला अर्थ' असतो असे वर म्हटले आहे. कायदा छापलेला असताना अर्थ लावायचा उरतो कुठे? आणि अर्थ लावता लावता कोर्ट कायदा बदलू शकते का?

उत्तर (अलिबाग)
भूसंपादनातलेच उदाहरण देतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४(२) मध्ये, जुन्या कायद्याखालचे संपादन केव्हा व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपुष्टात येते, ते सांगितले आहे. १ जानेवारी २०१४ च्या पाच वर्षे किंवा अधिक आधी निवाडा झालेला असेल आणि 'प्रत्यक्ष कबजा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल' तर. सगळे भांडण त्या 'किंवा'वर. एकच गोष्ट राहिली तरी पुरे, की दोन्ही राहायला हव्यात? २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले, की दोन नकारांच्या मधला हा 'किंवा' 'आणि' असा वाचायचा. म्हणजे कबजाही घेतलेला नाही आणि मोबदलाही दिलेला नाही, तरच संपादन व्यपगत. कायद्यातले अक्षरही बदलले नाही, पण त्या दिवसापासून देशातल्या प्रत्येक कोर्टाला तोच अर्थ बांधील झाला, कारण संविधानाचा अनुच्छेद १४१ तसे सांगतो. मजकूर बदलण्याचा अधिकार विधिमंडळाचा. त्याचा अर्थ शेवटी काय, हे सांगण्याचा कोर्टाचा. मराठीत यालाच 'अन्वयार्थ लावणे' म्हणतात, आणि तो शब्द नेमका आहे. कोणते पद कशाशी जोडायचे, हाच तर अन्वय.

विचारणा (गुहागर)
मग अंमलबजावणी करणारे कोर्ट हुकूमनाम्याचाही असाच अर्थ लावते का?

उत्तर (रत्नागिरी)
लावते, पण कुंपणाच्या आत राहून. शब्द संदिग्ध असेल तर दावा, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) आणि न्यायनिर्णय पाहून अर्थ ठरवता येतो. मात्र हुकूमनाम्यात नसलेली दाद घालता येत नाही, असलेली कमी करता येत नाही. म्हणून चुका मुळातच टाळाव्यात. जमिनीच्या वर्णनात हिस्सा नंबर चुकला किंवा चतुःसीमा जुन्या मालकांच्या नावांनी लिहिल्या, तर बेलीफ वॉरंट घेऊन जागेवर जातो आणि 'मिळकत ओळखता आली नाही' असा अहवाल देऊन परततो. निव्वळ लेखनचूक असेल तर कलम १५२ खाली दुरुस्ती मिळते. जमीनच वेगळी निघाली तर तेवढ्याने भागत नाही.

मुदती लक्षात ठेवा. कबजा किंवा पैसे यांच्या हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांत. एखादी गोष्ट 'करावी' अशी आज्ञा असेल तर ३ वर्षांतच. कायम मनाईला मुदत नाही. हुकूमनाम्याला दोन वर्षे उलटून गेल्यावर दरखास्त दिली तर आधी जाबदेणाराला नोटीस काढावी लागते. कबजा देताना कोणी आडवे आले तर बेलीफ तसा अहवाल देतो. अडथळा दूर करण्याचा अर्ज अडथळा आल्या दिवसापासून ३० दिवसांत द्यायचा असतो, आणि नेमका हाच दिवस पुष्कळांचा चुकतो. समोरच्याने अपील केले म्हणून दरखास्त आपोआप थांबत नाही, त्याला स्थगिती आणावी लागते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, उशीर झाल्यास कारण लिहावे, असे बजावले आहे.

वाटपाच्या दाव्यात आणखी एक टप्पा आहे. शेतसारा लागणाऱ्या जमिनीत कोर्ट फक्त हिस्से ठरवते, समजा १/६. प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचे काम कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, मग भूमि अभिलेखची मोजणी. घराचे वाटप मात्र कोर्ट कमिशनरमार्फत, म्हणजे जागा पाहून अहवाल देण्यासाठी कोर्टाने नेमलेल्या माणसामार्फत.

विचारणा (देवगड)
'स्थगिती', 'मनाई', 'जैसे थे' यांत फरक काय?

उत्तर (रत्नागिरी)
स्थगिती आदेशाला किंवा कारवाईला, मनाई माणसाला. 'जैसे थे' सगळ्यांत फसवा, कारण 'जैसे' म्हणजे कसे, हे लिहिलेले नसेल तर दोन्ही बाजू आपापले काम चालू ठेवतात. गडगा (दगडांचे कुंपण) अर्धा रचलेला असताना असा आदेश झाला, तर त्या दिवशी किती फूट गडगा होता, कबजा कोणाचा होता, हे आदेशात उतरवून घ्या. त्यासाठी कोर्ट कमिशनचा अर्ज निशाणी ५ बरोबरच द्यावा. (निशाणी ५ म्हणजे तूर्तातूर्त, म्हणजे तात्पुरत्या, मनाईचा अर्ज. नंबरच नाव होऊन बसला आहे.)

विचारणा (मालवण)
आमच्याकडे देवळातल्या मानाला, पाणंदीला आणि बागेच्या कबजाला, सगळ्याला 'वहिवाट'च म्हणतात. दाव्यात हा शब्द चालेल?

उत्तर (चिपळूण, महसूल व दिवाणी)
चालतो, पण एकटा सोडू नये. 'कबजेवहिवाट' म्हणजे जमीन आपल्या ताब्यात आहे. 'वहिवाटीचा रस्ता' म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क, कायद्यातला सुविधाधिकार. रस्त्याची जमीन माझ्याच मालकीची म्हणायचे आणि तिच्यावरच सुविधाधिकार मागायचा, हे एकत्र जमत नाही. त्यातले एक पर्यायी मागणी म्हणून लिहावे. १८८२ च्या कायद्याप्रमाणे असा हक्क २० वर्षांच्या वापराने मिळतो. वापर शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता झालेला हवा. 'शेजाऱ्याने जाऊ दिले म्हणून जात होतो' असे उलटतपासणीत तोंडून निघाले की ती परवानगी ठरते, वहिवाट राहत नाही.

अडवणूक ताजी असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जाता येते. रस्ताच नसेल, हद्दीवरून नवा हवा असेल, तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३.

विचारणा (मालवण)
रस्ता चालू आहे, पण त्यात गडगा घातला आहे. मागणी कशी लिहावी?

उत्तर (चिपळूण)
'वादीच्या वहिवाटीस अडथळा करू नये' एवढेच लिहू नका. दाव्याआधीच उभा असलेला गडगा त्याने हटत नाही. दोन मागण्या वेगळ्या करा. पहिली : 'दाव्यासोबतच्या नकाशात अ ते ब असा दाखवलेला, ८ फूट रुंदीचा, पाखाडीपासून वादीच्या कलमबागेपर्यंतचा रस्ता वापरण्यास प्रतिवादीने हरकत करू नये.' दुसरी : 'त्या रस्त्यातील क या ठिकाणचा चिऱ्यांचा गडगा प्रतिवादीने हुकूमनाम्यापासून ३० दिवसांत स्वखर्चाने काढावा, न काढल्यास कोर्टामार्फत काढून त्याचा खर्च प्रतिवादीकडून वसूल व्हावा.' नकाशा दाव्याचा भाग आहे असे वर्णनाच्या परिच्छेदात लिहा, आणि हुकूमनामा तयार होताना तो त्याला जोडला गेला की नाही, हे नक्कल हातात आल्या दिवशी तपासा.